व्याजाचा दर आणि आपले घर

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जाचे रोखे जाळले. हेच पुढे दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदले गेले आणि त्यांतूनच १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा निघाला. व्याज हा विषय रूक्ष आहे, तो हिशेबनिसांनी पाहावा, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग आठवावा.

आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, तेव्हा त्या कायद्याचा आपल्याकडील शेतकऱ्याला उपयोग नव्हता. सवाई-दिढीचा व्यवहार वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलेला आहे. पेरणीच्या वेळी एक मण जोंधळा न्यावा आणि सुगीला दीड मण घालावा, ही दिढी. बोलायला हे सोपे वाटते. पण सहा महिन्यांत शेकडा पन्नास म्हणजे वर्षाचा दर शेकडा शंभर झाला! दर ठरवणारा सावकार आणि गरजवंत समोरासमोर बसलेले असत, आणि गरजवंताची निकड हेच त्या दराचे माप असे. हैदराबाद स्टेट बँक १९४१ साली निघाली. १९५९ साली ती भारतीय स्टेट बँकेची उपबँक झाली व एप्रिल २०१७ मध्ये तीत विलीन झाली. मधल्या काळात सावकार संपला असे कोणी समजू नये, परंतु शहरातल्या पगारदाराचे आणि कारखानदाराचे कर्ज मात्र त्याच्या ओटीवरून बँकेत गेले.

आता हा दर ठरतो कोठे? वाळूजच्या कामगाराने सिडकोत दोन खोल्यांचे घर घेतले, तर त्याच्या कर्जाच्या व्याजाचे मूळ मुंबईस, रिझर्व्ह बँकेत असते. बँकांना थोड्या दिवसांसाठी पैसा कमी पडला की त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून तो घेतात. त्या उसनवारीचा जो दर, तो रेपो दर. २०१६ पासून सहा जणांची समिती तो ठरवते, आणि महागाई शेकडा चारच्या आसपास राखावी, फार तर दोनाने इकडेतिकडे, ही कामगिरी रिझर्व्ह बँकेवर सोपवलेली आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे अशा बाहेरच्या दराशी जोडलेली असतात. त्यामुळे मुंबईत दर हलला की काही महिन्यांत आपल्या गल्लीत तो हलतो.

मे २०२२ मध्ये हा दर शेकडा ४ होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला, म्हणजे दहा महिन्यांत अडीच टक्के. हे अडीच टक्के म्हणजे काय, ते आपण आकडे मांडूनच पाहू. समजा, एकाने २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी शेकडा ७ दराने काढले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १५,५०६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ११,६६७ रुपये व्याजातच जातात, मुद्दलापैकी फिटतात अवघे ३,८३९. आता दर साडेनऊ झाला. वीस लाखांवर एका महिन्याचे नुसते व्याजच १५,८३३ रुपये! जुना हप्ता तेवढाच ठेवला तर तो व्याजालाही पुरत नाही. घरधनी दरमहा इमानाने पैसे भरतो आणि त्याचे मुद्दल वाढत जाते. वीस वर्षांतच कर्ज फेडायचे तर हप्ता १८,६४३ रुपये करावा लागेल. आपल्या शहरातल्या साध्या पगारात महिन्याला तीन हजारांची ही भोक कोठून बुजवायची, हे गृहिणीला विचारावे.

पुष्कळ बँकांनी अशा वेळी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली, आणि कर्जदाराला ते उशिरा कळले. ही पद्धत आम्हांला न्याय्य वाटत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये आज्ञा काढली, ती याचसाठी: दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारले पाहिजे, आणि हप्ता निदान व्याजाला तरी पुरला पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो दर उतरत उतरत सव्वापाचावर आला. दर उतरल्यावर मुदत मागे आली की नाही, हे प्रत्येकाने आपल्या बँकेत जाऊन, कागद मागून पाहावे.

दर चढला म्हणजे बँकांची चंगळ होते, असा एक समज आहे. तो निम्माच खरा. बँक ठेवीदाराचा पैसा वर्ष-दोन वर्षांसाठी घेते आणि वीस वर्षांसाठी गुंतवते. या दोन मुदतींच्या मधल्या फटीत तिचा नफाही असतो आणि धोकाही. बँकेजवळ शेकडा ६ देणारे जुने दीर्घ मुदतीचे रोखे आहेत आणि बाजारात नवे रोखे ८ देऊ लागले, तर जुन्यांना पूर्ण किंमत कोण देईल? अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बुडाली ती मुख्यतः अशा रोख्यांपायी. तोटा उघड होताच ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर मागितले.

कारखान्याला हा चिमटा दुहेरी बसतो. दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या वाळूजच्या लहान उद्योजकाचे यंत्र कर्जाचे, माल घ्यायचा पैसाही कर्जाचा. आणि त्या दुचाक्या घेणारेही बहुतेक हप्त्यावरच घेतात. खर्च वाढतो आणि मागणी घटते. महागाई आवरण्याची रीत हीच आहे, दुर्दैवाने. लोकांचा हात आखडला की किमती थांबतात. पण पाऊस न झाल्याने डाळ महागली असेल, तर व्याज वाढवून तूर पिकत नाही. आपल्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात हे विसरता येत नाही.

उलट बाजूस ठेवीदार उभा आहे. निवृत्त शिक्षकाचे दहा लाख बँकेत असले, तर एक टक्का उतरला की वर्षाचे दहा हजार गेले. औषधांचा खर्च काही त्या प्रमाणात उतरत नाही. अशा दिवसांत कोठे तरी पतसंस्थेच्या पाटीवर दोन-तीन टक्के जादा लिहिलेले दिसतात आणि मन तिकडे ओढ घेते. २०२३ साली आपल्याच शहरात एका नागरी पतसंस्थेचे शेकडो ठेवीदार आपल्या पैशासाठी रस्त्यावर आले, ते आपण पाहिले. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. व्याजही त्याच पाच लाखांत धरले जाते. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. पाटीवर ते लिहिलेले नसते.