सॅक्सवाला आलाच नाही!

न्यूयॉर्क, ऑक्टोबर १९५२. ब्लू नोटच्या रेकॉर्डिंगला सॅक्सोफोनवाला लू डोनाल्डसन येऊ शकला नाही आणि ती तारीख मिळाली त्याच्या पियानिस्टला, होरेस सिल्व्हरला. वय फक्त २४! आपण असतो तर घाबरून घरीच गेलो असतो.

तेव्हाची आणि १९५३ची रेकॉर्डिंग्ज ‘होरेस सिल्व्हर ट्रायो’ या अल्बममध्ये एकत्र आहेत. ‘इकारो’ लावा (‘होरेस’चं स्पेलिंग उलटं वाचा, कळेल!). मग ‘ओपस द फंक’. डावा हात खाली ठेका कुटत राहतो, उजवा वर ब्लूजच्या छोट्या छोट्या ओळी फेकतो. हार्ड बॉपची चाहूल इथेच लागते.

मध्ये आर्ट ब्लेकीचे तालवाद्यांचे दोन ट्रॅक आहेत, त्यातल्या एकात साबूही आहे. पियानो गेला कुठे, म्हणून आधी वैतागले होते. आता तेच रिपीटवर आहेत.