हीटर गार, तर आधी बॉनेट उघडा

कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीत रात्रीचा पारा उणे 20 अंशांखाली जाणं नेहमीचंच. तिथे पिकअपचा हीटर बंद पडला की बोटं तर आखडतातच, शिवाय श्वासाची वाफ समोरच्या काचेवर आतून गोठू लागते आणि रस्ता दिसेनासा होतो. म्हणूनच अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांत काच स्वच्छ ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. एवढी गरजेची गोष्ट असूनही तिचा बिघाड शोधायला बहुतेकजण केबिनमधून सुरुवात करतात. हवा गार येतेय, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटर कोअर गेला, असं ठरवून मोकळे होतात. खरं तर पेट्रोल-डिझेलवरच्या बहुतेक पिकअपमध्ये ऊब तयार करणारं वेगळं यंत्र नसतंच. इंजिनाची वाया जाणारी उष्णता कूलंट उचलतं आणि त्यातलं थोडं कूलंट हीटर कोअरमधून, म्हणजे एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं. पंखा त्याच्यावरून हवा आत ढकलतो. म्हणून गार हीटरची चौकशी इंजिनापासूनच सुरू व्हायला हवी.

आपल्याकडच्या ड्रायव्हरांना हे नातं उलट बाजूनं चांगलं ठाऊक आहे. भरल्या गाडीचा टेंपरेचरचा काटा घाटात वर चढू लागला की ते भर उन्हाळ्यात हीटर पूर्ण सोडतात, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता केबिनच्या वाटेनं बाहेर पडते. निदानही याच नात्यावर उभं आहे. इंजिन थंड असताना आधी कूलंटची पातळी पाहायची. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उसळतं. मग गाडी तापू द्यायची, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणारे दोन होस पाइप बाहेरून जपून चाचपायचे. दोन्ही चांगले गरम असतील, तर उष्णता दारापर्यंत आलेली आहे; दोष आत, गरम-गार हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या झडपेत किंवा पंख्यात. झडप फिरवणाऱ्या मोटरचे दाते तुटले की डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येते. पंखा फक्त शेवटच्या वेगावरच चालत असेल, तर संशय रेझिस्टरवर. एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल, तर कोअर तुंबलाय किंवा वाटेतला व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमटच राहिले, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, कूलंट कमी आहे, नाहीतर पंप नीट ढकलत नाही. गाडी रेस केली की ऊब आणि उभी राहिली की गारवा, जोडीला डॅशबोर्डमागे खळखळ, असं असेल तर कूलंट कमी होऊन आत हवा शिरलेली असण्याची शक्यता मोठी.

यावर कुणी म्हणेल, आता स्कॅनर आहेत, पाइप कशाला चाचपायचे? स्कॅनर जरूर लावावा. पण त्यावर येणारा P0128 हा कोड एवढंच सांगतो की कूलंट अपेक्षेइतकं तापत नाही. कारण थर्मोस्टॅट, कमी कूलंट की चुकीचं सांगणारा सेन्सर, हे त्यात नसतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. थर्मोस्टॅट स्वस्त आहे, मग आधी तोच बदलून पाहायला काय हरकत? दोन्ही पाइप कोमट असतील आणि कूलंटची पातळी बरोबर असेल, तर काहीच हरकत नाही. पण पातळी वारंवार घटत असेल, तर कूलंट कुठेतरी जातंय. हेड गॅस्केट फुटलं असेल आणि आपण नुसती भर घालत राहिलो, तर हीटरची तक्रार इंजिनावर बेतते. भर घालतानाही निव्वळ कूलंट ओतणं चूक. इथिलीन ग्लायकॉल एकटं उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी मिसळलं की तेच मिश्रण जवळपास उणे 37 पर्यंत टिकतं.

तुंबलेल्या कोअरसाठी लगेच डॅशबोर्ड उतरवायची घाई नको, कारण बऱ्याच पिकअपमध्ये त्या कामात जवळजवळ अख्खा दिवस जातो. दोन्ही होस सोडून बागेच्या नळीनं, कमी दाबानं, आधी उलट्या आणि मग सुलट्या दिशेनं पाणी सोडावं. गढूळ पाणी स्वच्छ होईपर्यंत. जोराचा दाब दिला तर जुना कोअर फुटतो. मात्र केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर तेलकट धुकं आणि पुढच्या सीटखालचा गालिचा ओला, अशी लक्षणं असतील, तर कोअर गळतोय आणि तो बदलावाच लागतो. तोवर दोन्ही होस एकमेकांना जोडून गाडी चालवता येते, पण हीटर नसतो, म्हणजे काचही साफ होत नाही. विनिपेगच्या हिवाळ्यात तशी गाडी फक्त गॅरेजपर्यंत न्यावी, तीही दिवसाउजेडी. सांडलेलं कूलंट लगेच पुसून धुऊन टाकावं. चवीला गोड असल्यानं कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि ते जीवघेणं विष आहे.