आजार आणि खेळाडू : लिअँडर पेस यांचे उदाहरण

आजाराचे नाव ऐकूनच माणूस निम्मा खचतो, आणि उरलेला निम्मा त्याला शेजारीपाजारी खचवितात, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव आहे. त्यातून दुखणे मेंदूचे असले म्हणजे तर विचारावयासच नको. ‘आता याच्या हातून काय होणार?’ हा प्रश्न कोणी उघड विचारीत नाही, पण मनात प्रत्येकाच्या येतो. या प्रश्नाचा विचार करताना आमच्यापुढे टेनिसपटू लिअँडर पेस यांचे उदाहरण येते. टेनिस हा काही मावळच्या मातीतला खेळ नव्हे. परंतु पेस यांना जो आजार झाला, तो मात्र आपल्या खेड्यापाड्यांत कोणालाही होऊ शकतो, म्हणून हा विषय उर्से गावच्या श्रोत्यांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पेस घराणे मूळचे गोव्याचे. लिअँडर यांचे वडील डॉ. वेस पेस हे १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. लिअँडर यांचा जन्म १९७३ सालचा, कोलकात्याचा. १९९६ साली अटलांटा येथे त्यांनी टेनिस एकेरीत ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. पुढे त्यांचे नाव झाले ते दुहेरीत. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, विम्बल्डन व अमेरिका येथील चार स्पर्धा टेनिसमध्ये सर्वांत मोठ्या मानल्या जातात. जुलै २००३ मध्ये मार्टिना नवरातिलोवा यांच्यासह त्यांनी विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली, तेव्हा या चार स्पर्धांतील त्यांची विजेतेपदे सहा झाली.

पुढच्याच महिन्यात, वयाच्या तिसाव्या वर्षी, अमेरिकेतील ऑर्लँडो येथे त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. मेंदूत अर्बुद असावे अशी शंका होती. सारा देश काळजीत पडला. परंतु तपासण्या पूर्ण झाल्यावर निष्पन्न झाले ते निराळेच. ते अर्बुद नव्हते. जंताच्या अळीमुळे मेंदूला झालेला तो संसर्ग होता. वैद्यकात त्यास न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणतात.

हा जंत म्हणजे डुकराच्या मांसातून येणारा फितीसारखा चपटा जंत. ‘आम्ही तर माळकरी, आमचा याच्याशी काय संबंध?’ असे कोणी म्हणेल, तर ती समजूत चुकीची आहे. नीट न शिजविलेले दूषित मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा जंत वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या मैल्यावाटे बाहेर पडतात, आणि न धुतलेले हात, दूषित पाणी, कच्ची कोथिंबीर, मुळा यांवाटे ती दुसऱ्या कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पोहोचतात व तेथे गाठीसारख्या होऊन राहतात. कित्येक वर्षे काहीच जाणवत नाही. अळी मरू लागली म्हणजे तिच्याभोवती सूज येते, आणि मग डोकेदुखी व आकडी सुरू होते. जेथे हा जंत आढळतो त्या प्रदेशांत अपस्माराचे सुमारे ३० टक्के रोगी याच कारणाने होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता आपल्याकडे आकडी आलेल्या माणसाचे काय होते? त्याला कांदा नाहीतर जोडा हुंगवितात, देवऋषाकडे नेतात, मुलगी असेल तर लग्नाच्या भीतीने गोष्ट दडपून ठेवतात. वास्तविक अशा वेळी रोग्यास कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, आणि मागाहून मेंदूची छायाचित्रे काढून कारण शोधावे. जंतनाशक औषध, सूज उतरविणारे औषध व आकडीचे औषध यांनी पुष्कळ रोगी सुधारतात. मात्र मेंदूत अळी असताना सूज न आवरता जंताचे औषध देणे धोक्याचे असते. म्हणून ते डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घ्यावे.

पेस उपचार घेऊन परतले आणि २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये महेश भूपती यांच्यासह खेळले. कांस्यपदकाचा सामना तिसऱ्या सेटमध्ये १४-१६ असा हातचा गेला. परंतु त्यानंतर २००६ ते २०१६ या काळात त्यांनी त्याच चार मोठ्या स्पर्धांत आणखी बारा विजेतेपदे मिळविली. आजारापूर्वी सहा, आजारानंतर बारा! आपल्या उर्से गावाहून द्रुतगती मार्गाने पुण्याकडे निघाले की पुढे बालेवाडी लागते; तेथे फेब्रुवारी २०२० मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षीही ते खेळत होते. २०२४ साली आंतरराष्ट्रीय टेनिसच्या सन्मान-दालनात त्यांचा समावेश झाला.

यावर कोणी म्हणेल, पेस यांचे दुखणे बरे होणारे होते. जन्मभराचे असते तर? तर जर्मनीच्या अलेक्झांडर झ्वेरेव्ह यांच्याकडे पाहावे. त्यांना लहानपणापासून मधुमेह आहे आणि इन्सुलिनवाचून चालत नाही. तरीही २०२१ साली टोकियोत त्यांनी एकेरीचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. पुढल्या वर्षी त्यांनी आपला आजार जगास सांगितला, आणि २०२३ साली पॅरिसच्या स्पर्धेत मैदानावर इन्सुलिन टोचून घेण्यास हरकत घेतली गेली तेव्हा त्यांनी आपली बाजू उघडपणे मांडली.

प्रत्येक रोगी विजेता होईल असे आम्ही म्हणत नाही. पेस यांना उत्तम वैद्यकीय मदत मिळाली, वडील स्वतः डॉक्टर होते. हे भाग्य सर्वांचे नसते. पण त्यांच्या बाबतीत मेंदूतील अर्बुदाच्या शंकेवर कोणी थांबले नाही. तपासणी शेवटापर्यंत नेली, आणि मग नेमक्या रोगावर औषध दिले गेले. आपल्या घरात आकडी येणारे मूल असेल तर त्याला लपवू नये, तपासावे, औषध नियमित द्यावे आणि शाळेतून काढू नये. त्याच्या हातून काय होणार, याचा निकाल आपण आधीच देऊन ठेवू नये.