निर्देशक सामाईक, तरी प्रमाण वेगळे का?

बाल्टिक समुद्राच्या काठावरील ९ देश आणि युरोपीय संघ हे हेल्सिंकी आयोगाचे, म्हणजे ‘हेलकॉम’चे सदस्य असून या समुद्राची प्रकृती तेथे काही सामाईक निर्देशकांवरून जोखली जाते. या पद्धतीवर पुन्हा पुन्हा घेतला जाणारा आक्षेप असा की, निर्देशक सामाईक असेल तर त्याचे प्रमाणही सर्वत्र एकच हवे. ते जागोजागी बदलते, म्हणजे प्रत्येक देशाने आपल्या सोयीचा आकडा पदरात पाडून घेतला आहे. हा आक्षेप कितीही वेळा खोडला तरी तितक्याच आवेशाने परत येतो.

पाण्याच्या पारदर्शकतेचेच उदाहरण पाहावे. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची, ही आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरलेली पद्धत आजही चालते. जून ते सप्टेंबर या महिन्यांतील अशा नोंदींची सरासरी कॅटेगॅटमध्ये किमान ७.६ मीटर असावी लागते, तर रीगाच्या आखातात ५ मीटर पुरतात. कॅटेगॅट बाल्टिकच्या तोंडाशी, उत्तर समुद्राच्या बाजूला आहे. रीगाच्या आखातात मात्र नद्या कुजलेल्या वनस्पतींचे तपकिरी द्रव्य आणून ओततात, त्यामुळे ते पाणी मुळातच कमी पारदर्शक असते. तान्ह्या बाळाच्या नाडीला प्रौढाचे प्रमाण लावून त्याला आजारी ठरवणाऱ्या वैद्याकडे कोणी दुसऱ्यांदा जाणार नाही. समुद्राच्या बाबतीत मात्र नेमका तोच आग्रह धरला जातो. शिवाय ही प्रमाणे वाटाघाटीच्या मेजावर सुचलेली नाहीत, तर विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच्या जुन्या नोंदींचे सांख्यिकीय विश्लेषण त्यांच्या मुळाशी आहे. सामाईक असते ते काय मोजायचे, कोणत्या महिन्यांत मोजायचे आणि हिशेब कसा करायचा हे; त्यामुळे आपल्याला अनुकूल महिना निवडण्याची मुभा कोणालाच उरत नाही.

पाणी नितळ दिसले की समुद्र निरोगी, हा समजही तितकाच पोकळ आहे, कारण मध्य बाल्टिकमध्ये सुमारे ६० ते ८० मीटर खोलीवर क्षारता एकदम वाढते, त्याखालच्या जड पाण्यात वरचा प्राणवायू मिसळत नाही आणि तळाशी कुजणारे शैवाल उरलासुरला प्राणवायूही संपवते. प्राण्यांची संख्या वाढली की झाले, असेही नाही: करड्या सीलची संख्या समाधानकारक वाढत असताना त्यांच्या चरबीच्या थराची जाडी अपुरी आढळली.

नद्यांतून येणारे नत्र व स्फुरद घटवले की समुद्र लगेच सुधारतो, ही अपेक्षाही चुकीची आहे. प्राणवायू संपलेल्या तळातील गाळ पूर्वी साठलेले स्फुरद पुन्हा पाण्यात सोडतो, त्यावर शैवाल माजते, ते मरून तळाशी जाते आणि चक्र चालूच राहते. म्हणूनच २०११ ते २०१६ या काळाच्या मूल्यमापनात बाल्टिकचे किमान ९७ टक्के क्षेत्र अतिपोषणग्रस्त, म्हणजे पोषकद्रव्यांच्या अतिरेकाने बिघडलेले, आढळले. त्यावरून उपाय फसल्याचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी या समुद्राचे पाणी पूर्ण बदलायला सुमारे ३० वर्षे लागतात, हे हिशेबात धरलेले नसते.