वाटणीची जमीन, तेलाचा पैसा आणि टल्साचं संग्रहालय

टल्सा हे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचं तेलावर वाढलेलं शहर. त्याच्या दक्षिणेला थॉमस गिलक्रीज या मुलाच्या नावावर १६० एकर जमीन चढली, ती आईकडून आलेल्या मस्कोगी क्रीक या मूळनिवासी जमातीच्या वंशामुळे. क्रीकांची जमीन तोवर साऱ्या जमातीची सामाईक होती. माणशी सातबारा तिथे नव्हता. अमेरिकी सरकारने ती मोडून नोंदवहीतल्या एकेका नावावर तुकडे पाडले आणि त्याबरोबर जमातीची सत्ताही खिळखिळी केली. १९०५ मध्ये त्या भागात ग्लेन पूल तेलक्षेत्र सापडलं. गिलक्रीजच्या तुकड्याखालीही तेल होतं. जमातीचं ज्यात नुकसान झालं, त्या वाटणीनेच त्याला श्रीमंत केलं.

१८९० साली जन्मलेल्या गिलक्रीजने १९२२ मध्ये स्वतःची तेल कंपनी काढली. युरोपच्या प्रवासात तिथली संग्रहालयं पाहिली, पण पैसा ओतला तो अमेरिकेवर. पश्चिमेकडच्या मुलखाची चित्रं तेव्हा पूर्वेकडच्या रसिकांना दुय्यम वाटत. त्याने त्याच मुलखाचे चित्रकार रेमिंग्टन आणि रसेल यांची चित्रं-शिल्पं घेतली, थॉमस मोरानच्या कामाचा मोठा साठा घेतला. शिवाय वूडी क्रंबो, विलार्ड स्टोन अशा मूळनिवासी वंशाच्या हयात कलावंतांना आश्रय देऊन त्यांच्याकडून कामं करून घेतली. सॅन अँटोनियो शहरातला संग्रहालयाचा प्रयोग आटोपून १९४९ मध्ये त्याने टल्सात, आपल्या घराच्या आवारात, संग्रहालय उघडलं.

चित्रांमध्ये थॉमस ईकिन्सने १८९५ मध्ये रंगवलेलं फ्रँक कुशिंगचं व्यक्तिचित्र रेंगाळून पाहावं असं. कुशिंग हा गोरा मानववंशशास्त्रज्ञ झुनी या मूळनिवासी जमातीत काही वर्षं राहिला होता. चित्रात तो झुनी वेशात उभा आहे. आपुलकी आणि मिरवणं यांतली सीमा कुठे, हे चित्र सांगत नाही, बघणाऱ्याने ठरवायचं.

कागदपत्रांचा संग्रह मात्र चित्रांपेक्षा बोलका. कोलंबसचा मुलगा दिएगो याचं १५१२ सालचं पत्र इथे आहे. बेंजामिन फ्रँकलिन आणि सायलस डीन यांनी सह्या करून साक्षांकित केलेली, प्रशियाच्या राजासाठीची स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची प्रत आहे. आणि त्याच संग्रहात चेरोकी प्रमुख जॉन रॉस यांची कागदपत्रं आहेत. १८३०च्या दशकात चेरोकींना त्यांच्या भूमीवरून हुसकावलं जात असताना रॉस वॉशिंग्टनला अर्ज करत, शिष्टमंडळं नेत, करारातली वचनं दाखवून देत होते. चॉक्टॉ नेते पीटर पिचलिन यांचेही कागद इथेच. सगळ्यांचा समान हक्क मांडणारा जाहीरनामा आणि तो हक्क मागून हरलेल्यांची पत्रं एकमेकांशेजारी आहेत, हे या संग्रहाचं खरं मोल.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तेलाचे भाव पडले आणि गिलक्रीज कर्जात बुडाला. संग्रह फुटण्याची वेळ आली. १९५४ मध्ये टल्साच्या मतदारांनी साडेबावीस लाख डॉलरचे रोखे काढायला मोठ्या बहुमताने कौल दिला; कर्ज फिटलं, आणि १९५५ मध्ये संग्रह शहराच्या नावावर झाला. गिलक्रीजनेही तेलाच्या उत्पन्नातून ती रक्कम शहराला परत करण्याची तजवीज केली. १९६२ मध्ये तो वारला. २००८ मध्ये व्यवस्थापनात टल्सा विद्यापीठ आलं. २०२१ मध्ये जुनी इमारत बंद झाली. पुढे ती पाडून त्याच जागी नवी उभारायला घेतली.

कागदोपत्री मालक शहर आहे, पण तेवढ्याने संग्रहावरच्या हक्काचा प्रश्न मिटत नाही. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने संघीय निधी घेणाऱ्या संग्रहालयांना जमातींचे मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचं बंधन घातलं. म्हणजे जमातीला विचारल्याशिवाय काही वस्तूंवर कुणाचाही हक्क पुरा होत नाही, हे सरकारनेच मान्य केलं. सामाईक जमीन माणशी वाटताना जमातींचा विरोध याच सरकारने डावलला होता. रॉस यांच्या अर्जांना तेव्हा न मिळालेला मान जमातींच्या दाव्यांना आज मिळतो का, यावरच नव्या इमारतीची किंमत ठरावी.