पीक खाणाऱ्या हरणावर गोळी झाडता येते का?

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. मराठवाड्यात इतरत्र होतं तसंच इथेही कोवळी सोयाबीन किंवा हरभरा हरणांनी खाल्ला, तर शेतकऱ्याच्या मनात बंदुकीचा विचार येऊ शकतो. पण कोणतं काडतूस वापरायचं, या प्रश्नाआधी प्राणी कोणता आहे, हे पाहावं लागतं.

मराठवाड्याच्या शेतशिवारात ज्याला हरीण म्हणतात, ते बहुतेकदा काळवीट असतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार काळवीट अनुसूची १ मध्ये येतं. असा प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला किंवा बरा होण्यापलीकडे जखमी अथवा आजारी असला, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. पिकाचं नुकसान हे कारण त्यात बसत नाही. गुन्हा सिद्ध झाल्यास ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होतो.

रोही आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहेत. त्यांच्याबाबत उभ्या पिकाचं नुकसान हे कारण चालतं, पण परवानगी आधी घ्यावी लागते. घरात परवान्याची बंदूक आहे, एवढं पुरेसं नसतं.

मग शेतकऱ्याने काय करावं? काळवीट, रोही आणि रानडुक्कर या तिन्हींनी केलेल्या नुकसानीची भरपाई वन विभाग देतो. त्यासाठी ३ दिवसांच्या आत अर्ज करावा आणि पंचनामा होईपर्यंत नुकसान झालेलं पीक तसंच ठेवावं.