उभ्या धाग्यांत काय काय साठतं
महाडच्या बाजारपेठेत कापड विकणाऱ्या माझ्यासारख्याला सतरंजी आणि गालिचा यांतला खरा फरक २२ जुलै २०२१ च्या पुराने दाखवला. पाणी ओसरल्यावर लोकांनी सतरंज्या धुतल्या, वाळवल्या आणि पुन्हा अंथरल्या. गालिचे बहुतेक टाकावेच लागले. सतरंजीचे धागे आडवे निजलेले असतात, गालिच्याचे उभे. त्या उभ्या लवेच्या मुळाशी गेलेला गाळ कितीही झोडला तरी निघत नाही. त्यातून स्वस्त गालिच्याची लव विणलेली नसतेच. सुईने कापडात खोचून मागून रबराचा लेप देतात. लेप कुजला की झुबकेच्या झुबके हातात येतात.

टॉवेलचं तसं नाही, त्याचे फासे विणीतच धरलेले असतात. सोलापूरच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते उगीच नव्हे. मागावर उभे धागे दोन बीमांवरून येतात, एकावरचे ताणलेले, दुसऱ्यावरचे सैल. पहिले दोन आडवे धागे फणी जरा अलीकडेच सोडते आणि तिसऱ्याबरोबर तिन्ही एकदम पुढे ठोकते. ताणलेले धागे जागचे हलत नाहीत. सैल धागे सोबत ओढले जातात आणि जागा नसल्याने फुगून वर येतात. झाला फासा. म्हणून एखादा फासा लोंबला तर ओढू नका, कात्रीने कापा. बाकीची वीण उसवत नाही.

मखमलीत धाग्यांची टोकं कापलेली असतात. लव एका अंगाला कललेली असल्याने एकीकडून रंग गडद, दुसरीकडून फिका दिसतो. ब्लाउजचे सगळे तुकडे एकाच दिशेने बेतायचे ते यासाठी, आणि म्हणून कापड थोडं जास्त लागतं. शिंपी लबाडी करत नसतो!

पोलादपूरकडच्या मावश्या टॉवेल दाबून बघतात आणि अजून गुबगुबीत मागतात. फासा लांब असला की पाणी जास्त पितो हे खरं. पण आमच्याकडे आषाढात तो वाळणार कुठे? दोन दिवसांत कुबट वास मारतो. पावसाळ्यापुरता आखूड फाशांचा घ्या, नाहीतर सरळ पंचा वापरा. आणि धुताना ते सुवासिक सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल अंगावरून नुसता घसरतो.